चारशे एकवीस दिवस

माझ्या जिभेला हाड नाही, असं माहेरचे म्हणायचे, सासरचे म्हणायचे, आणि इथल्या लाँड्रीतल्या बायकाही त्यांच्या भाषेत तसंच काहीतरी म्हणत असणार. पण त्या दिवशी वकीलबाईंसमोर माझी बोलतीच बंद झाली.

वकीलबाई साठीच्या पुढच्या. चष्मा डोक्यावर ठेवायच्या आणि टेबलावर शोधायच्या. आम्हा परमिटवाल्यांची, म्हणजे परदेशातून कामाला आलेल्यांची, कामं करण्यात त्यांचा जन्म गेला होता, त्यामुळे आमच्या लबाड्या त्यांना तोंडपाठ होत्या. त्यांनी माझ्या मुलीचा, भिंगरीचा, पहिला पासपोर्ट उघडला. फोटोत नुसतं टक्कल आणि दोन मोठे कान. त्यांनी एक शिक्का बघितला, पान उलटून दुसरा बघितला आणि जुनं कॅलेंडर ओढून पेन्सिलीने मोजायला लागल्या.

"इथून गेली तेव्हा ही सात महिन्यांची. परत आली तेव्हा एकवीस महिन्यांची. मधे चारशे एकवीस दिवस. कुठे होती?"

"माझ्या बहिणीकडे."

"आणि तुम्ही दोघं?"

"आम्ही इथे."

बाईंनी नुसता आकडा कागदावर उतरवून घेतला. काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

नियम तसा सोपा आहे. इथे जन्मलं म्हणून मूल इथलं होत नाही. पण जन्मल्यापासून दहा वर्षं इथेच वाढलं, की हक्काने इथलं होतं, मग आईबापांचं परमिट असो नाहीतर नसो. अट एकच, कुठल्याही वर्षात तीन महिन्यांच्या वर बाहेर राहिलेलं नसावं. राहिलं असेल तर का राहिलं ते सांगायचं, पुरावे द्यायचे, आणि मग सगळं परमिट ऑफिसातल्या साहेबाच्या मर्जीवर. भिंगरी साडेदहा वर्षांची. ज्या हॉस्पिटलच्या चादरी मी रोज इस्त्रीच्या रोलरखाली घालते, त्याच हॉस्पिटलात झालेली. इथल्या भाषेत स्वप्नं बघते, आमच्या भाषेत भांडते. आणि माझी लाँड्री विकली गेली होती. नवा मालक परमिटवाल्यांना ठेवणार नाही, असं आमची मुकादमीण सांगत होती. ह्यांचं परमिट माझ्या परमिटला बांधलेलं, म्हणजे चार महिन्यांनी तिघांनाही गाशा गुंडाळायचा. भिंगरीचं काम झालं तर मात्र तिला कुणी हलवू शकत नव्हतं, आणि तिच्या मागे आम्हालाही अर्ज करता आला असता.

"हे तात्पुरतंच होतं ना?" वकीलबाईंनी विचारलं. "कुणाला कायमची दिली नव्हती ना? तसं असेल तर आत्ताच सांगा. मग हा अर्ज उभाच राहणार नाही."

"काहीतरीच काय! पोटची पोर कोणी देतं का?" माझा आवाज असा चढला की बाहेर बाकावर बसलेल्या माणसाने मान वळवून बघितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

"मग बहिणीचं पत्र लागेल," बाई म्हणाल्या. "तिने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भाषेत लिहायचं आणि थेट माझ्या पत्त्यावर पाठवायचं. तुमच्या हातातून आलेलं चालणार नाही. आमचे दुभाषी भाषांतर करतील. चार गोष्टी हव्यात. मुलगी कधीपासून कधीपर्यंत होती, का होती, तुम्ही किती संपर्कात होतात, आणि परत न्यायचं आधीपासून ठरलेलं होतं का. आणि तिकडे लसी दिल्या असतील त्याचं कार्ड. त्यावर आई म्हणून कुणाचं नाव आहे ते साहेब बघतात."

मी मान हलवली आणि जिना उतरले. दोन मजले उतरताना तीनदा थांबले.

आमचे हे म्हणजे मौनीबाबा. वेल्डिंगच्या कारखान्यात दिवसभर काचेच्या मुखवट्यामागे असतात, आणि घरी आल्यावरही तो काढायचा विसरतात की काय असं मला वाटतं. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "धाकटी लिहील की. ती कधी कशाला नाही म्हणालीय?"

धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. ह्यांना काय माहीत? दारातलं ते बोलणं फक्त आम्हा दोघींनाच ठाऊक होतं, आणि मी ते नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगते.

भिंगरी झाली तेव्हा मला सहा आठवड्यांची रजा मिळाली. पुढे शेजारणीने सांभाळली, मग शेजारणीला काम लागलं. पाळणाघरात जागा नव्हती. मोठी रजा मागितली तर काम जाणार, काम गेलं तर परमिट जाणार. मी सात महिन्यांच्या पोरीला घेऊन विमानात बसले आणि धाकटीकडे जाऊन बारा दिवस राहिले. धाकटी शाळांचे गणवेश शिवते. हात मोठा साफ आहे तिचा, कॉलर अशी बसवते की बघत राहावं. तिची दोन बाळं पोटातच गेली होती. त्या बारा दिवसांत तिने पोरीला कडेवर घेतलं नाही, फक्त लांबून बघायची.

निघायच्या दिवशी गाडी दारात आली, हॉर्न वाजायला लागला, तरी ही पोरीला घेईना. खुर्चीवर बसलेली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले.

"ताई, खरं सांग," ती म्हणाली. "पुढे परत न्यायची असेल तर आत्ताच घेऊन जा. माझं दोनदा गेलंय. तिसऱ्यांदा नाही सोसायचं मला."

आणि मी म्हणाले, "नाही नेणार. तुझ्या ओटीत घातली बघ. तुझीच आजपासून. आम्हाला काय, होईल दुसरं."

उचलली जीभ लावली टाळ्याला! गेली कित्येक वर्षं मी स्वतःला विचारतेय, की मी तेव्हा खोटं बोलले का. मला विमान गाठायचं होतं एवढंच मला आठवतं. तिने मांड्यांखालून हात काढले, पदर पसरला आणि मी पोरीला त्यात ठेवलं. मागे वळून बघितलं नाही.

पहिले दोन महिने मी एक दिवसाआड फोन करायचे. ती सांगायची, आज रांगली, सरळ रांगतच नाही, गोल गोल फिरते, मी तिला भिंगरीच म्हणते. मला आनंद व्हायला हवा होता, पण अंगाचा तिळपापड व्हायचा. मग आठवड्याने करायला लागले, मग महिन्याने. रोलरच्या वाफेत उभी राहून स्वतःला बजावायचे, दिलीय ना, मग दिलीय. मला पुन्हा दिवस गेले होते. ते पाचव्या महिन्यात गेलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता पुढे नको. त्यानंतर पंधरा दिवसांत मी धाकटीच्या दारात उभी होते.

तिला वाटलं, ताई दुःखात आहे, चार दिवस माहेरपणाला आली. तिने माझ्यासाठी गादी घातली, केसांना तेल लावून दिलं. तिसऱ्या दिवशी मी तिकिटं दाखवली. परतीची दोन होती.

तिने भांडायला हवं होतं. मी पूर्ण तयारीने गेले होते. पोटची पोर, पासपोर्ट, कायदा, सगळं जिभेवर तयार होतं. ती मशीनवरून उठली. पोरीच्या कपड्यांच्या घड्या घातल्या, एका फ्रॉकची एकच बाही लावून झाली होती, तो तसाच बाजूला ठेवला. फक्त एवढंच म्हणाली, "झोपताना तिला डावा कान चोळून लागतो. नाहीतर झोपत नाही."

विमानात पोर "आई, आई" करून रडत होती, आणि आई तर तिच्या शेजारीच बसली होती. हवाई सुंदरीने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी पर्समधून जन्मदाखला काढून मांडीवर ठेवला. घरी आल्यावरही तेच. मी तिचा कान चोळला नाही. एकदाही नाही. म्हटलं, ती त्या घरची सवय, मोडलीच पाहिजे. एकदा धाकटीचा फोन आला, पोरीने तिचा आवाज ऐकला आणि घरभर तिला शोधत फिरली, कपाटाचं दार उघडून आत बघितलं. त्यानंतर मी धाकटीचे फोन घेणं बंद केलं. हळूहळू तिनेही करणं बंद केलं. नऊ वर्षं झाली. भिंगरी हे नाव मात्र राहिलं. ते कुणी ठेवलं, हे मी कधीच कुणाला सांगितलं नाही.

आता त्याच धाकटीने कागदावर लिहायचं होतं, की ताईने पोर दिलीच नव्हती.

रविवारी दुपारी ह्यांना आणि भिंगरीला बागेत पिटाळलं आणि फोन लावला. पलीकडे मशीनचा आवाज येत होता.

"कोण?"

"मी. ताई."

मशीन थांबलं. "भिंगरी बरी आहे ना?" एका श्वासात तिने विचारलं.

"बरी आहे गं. जरा काम होतं."

हे माझं नऊ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. काम होतं! गरज सरो वैद्य मरो म्हणतात. मी तर वैद्याला मारून पुन्हा त्याचंच दार वाजवत होते.

तिने मधे काहीच विचारलं नाही. लाँड्री, परमिट, वकीलबाई, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थांब, कागद घेते." मग गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तसं एकेक विचारत गेली. पत्ता काय, पत्र कुणाच्या नावाने, मुद्दे कुठले. मी चारही सांगितले.

"संपर्काचं काय लिहू? किती वेळा फोन करायचीस?"

"तुला आठवेल तसं लिही."

"मला सगळंच आठवतं, ताई."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि हे चौथं," ती म्हणाली. "परत न्यायचं आधीपासून ठरलं होतं का. हे काय लिहू?"

तेव्हा बोलायला हवं होतं. एरवी भाजीवाल्याशी अर्धा तास हुज्जत घालणारी मी, मला साधं 'चुकलं माझं' म्हणता येईना. मी म्हणाले काय, तर, "पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे गं."

"ते कळतं मला," ती म्हणाली. "लसींचं कार्ड आहे माझ्याकडे. घालते पाकिटात." आणि तिने फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कार्ड! दवाखान्यातली बाई पोरीला सुई टोचायच्या आधी विचारणार, आईचं नाव सांगा. जिच्या ओटीत मी पोर घातली होती, ती कुणाचं नाव सांगणार? स्वतःचंच. तिचा हक्कच होता तो. पत्रात तिने काहीही लिहिलं तरी कार्ड खोटं बोलणार नव्हतं. पुन्हा फोन करून विचारावं असं दहादा मनात आलं, पण कुठल्या तोंडाने विचारणार? त्या आठवड्यात माझ्या हातून तीन चादरी रोलरमध्ये करपल्या. समोरचं टोक धरून घडी घालणारी माझी जोडीदारीण म्हणाली, "तुझं लक्ष कुठाय, प्रेमात पडलीस की काय?" मी हसले. खाई त्याला खवखवे, तिला काय सांगू?

मधे आणखी एक शुक्लकाष्ठ मागे लागलं. मुलांनीही अर्जासोबत स्वतःबद्दल एक पान लिहून द्यायचं असतं. भिंगरी जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसली. काही वाचायचं किंवा विचार करायचा झाला की तिचा हात डाव्या कानावर जातो. पाळी चिमटीत धरून चोळत बसते.

"हात काढ कानावरून," मी म्हणाले. हे मी आजवर हजारदा म्हटलं असेल.

तिने हात काढला आणि लिहिलेलं मला आमच्या भाषेत करून वाचून दाखवलं. "मी जन्मल्यापासून इथेच आहे. एक पण दिवस दुसरीकडे नाही राहिले. बरोबर?"

"ते दुसरं वाक्य खोड."

"का?"

"लहान असताना तू मावशीकडे होतीस."

"सुट्टीत?"

"चौदा महिने."

तिने बोटं मोजली. हिशेबात पक्की आहे पोरगी. "म्हणजे मला चालायला मावशीने शिकवलं?"

"हो."

"पहिला शब्द पण तिकडेच म्हटला?"

"हो."

"कुठला?"

मी गॅस बंद करायच्या निमित्ताने उठले. "आई," मी म्हणाले. खरंच सांगितलं. कुणाला म्हणाली ते नाही सांगितलं.

"येताना मी रडले?"

"थोडीशी."

"मग तू मला हे आधी का नाही सांगितलंस?"

"प्रत्येक गोष्टीची काय दवंडी पिटायची?" मी तिच्यावर ओरडले. आपली चूक असली की माझा आवाज आधी चढतो, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. तिने रबराने वाक्य खोडलं आणि त्या जागी नवीन लिहिलं. मी काही विचारलं नाही, पण ती वही उघडी टाकून गेली तेव्हा मी अक्षर अक्षर लावून वाचलं. 'मी चौदा महिने मावशीकडे होते. मला ते आठवत नाही. माझ्या आईला आठवतं.'

तीन आठवड्यांनी वकीलबाईंचा निरोप आला, की पत्र आलंय. ह्यांना कामावरून सुटता येईना, मी एकटीच गेले. आत बाईंच्या शेजारी दुभाषी काका बसले होते. आमच्याच भाषेचे, सत्तरीचे, कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर. आधी मूळ पत्र मोठ्याने वाचायचं आणि मग वाक्यावाक्याने बाईंना सांगायचं, अशी त्यांची पद्धत. मला म्हणाले, "बसा. मी फक्त शब्द इकडचे तिकडे करतो, त्यात माझं काही नसतं. घाबरू नका."

पाकिटातून रेघांच्या वहीचं एक पान निघालं. अक्षर धाकटीचं, टाके घातल्यासारखं सारखं. काका वाचायला लागले.

"माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी माझ्याकडे चारशे एकवीस दिवस होती. बहिणीला कामावर रजा नव्हती आणि पाळणाघरात जागा नव्हती, म्हणून तिने मुलीला माझ्याकडे सांभाळायला ठेवलं. दिली नव्हती, ठेवली होती. परत न्यायचं पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. निघताना ताई दारात मला म्हणाली, की हात जरा मोकळे झाले की लगेच न्यायला येते, तोवर जीव लाव."

काका थांबून बाईंना सांगत होते. मी पायाखालची फरशी बघत होते.

"ताई रोज फोन करायची. मी फोन मुलीच्या कानाला लावायचे. आईचा आवाज ओळखून मुलगी हसायची. मुलगी मला मावशी म्हणायची. मी तिला रोज फोटो दाखवून सांगायचे, ही बघ तुझी आई. ताई न्यायला आली तेव्हा मुलगी धावत तिच्याकडे गेली. मला फार आनंद झाला. हे सगळं मी माझ्या मनाने लिहिलं आहे. कळावे, मुलीची मावशी."

"दिवस कसे काय इतके बरोबर?" वकीलबाईंनी मला विचारलं. "आकडा तुम्ही कळवला होतात?"

"नाही," मी म्हणाले. मला तो त्यांनीच सांगितला होता, मी तो धाकटीला सांगितला नव्हता. नऊ वर्षं तो तिच्याकडे होताच.

"आणि हे कार्ड," काका म्हणाले आणि त्यांनी पिवळं पडलेलं जाड पुठ्ठ्याचं कार्ड माझ्यासमोर सरकवलं.

चार लसी. चार तारखा. चार ओळींत आईच्या नावाचा रकाना, आणि चारही ठिकाणी माझं नाव. दवाखान्यातल्या बाईने लिहिलेलं नव्हतं, धाकटीने स्वतः भरलं होतं, तेच टाक्यांसारखं अक्षर, शाईही कार्डाइतकीच जुनी आणि फिकी. पहिली तारीख मी नीट बघितली. मी तिला शब्द देऊन निघाले, त्यानंतर अकराव्या दिवसाची.

इतकी वर्षं मी असं धरून चालले होते, की मी तिला शब्द दिला आणि मोडला, आणि ती बिचारी त्यावर विसंबून बसली होती. अहो, कसली विसंबून! अकराव्या दिवशी तिला पक्कं ठाऊक होतं, की ताईचा शब्द म्हणजे बोलाचीच कढी. ती मला जन्मापासून ओळखते. मी परत येणार, पोर जाणार, हे जाणून तिने पुढचे जवळजवळ चारशे दिवस तिला रांगायला, चालायला, बोलायला शिकवलं, आणि त्यातला एकेक दिवस मोजला.

मला रडू कोसळलं. वकीलबाईंनी कागदी रुमालांचा डबा पुढे केला. "रडताय कशाला? फार छान पत्र आहे. मला इतकं स्वच्छ पत्र क्वचितच मिळतं." काकांनी मात्र चष्मा पुसला आणि खिडकीबाहेर बघत बसले. शब्द इकडचे तिकडे करणाऱ्या माणसाला खऱ्याखोट्याचा वास येत असावा.

सात आठवड्यांनी भिंगरीचं प्रमाणपत्र आलं. साहेबाने शेऱ्यात लिहिलं होतं, की गैरहजेरी तात्पुरती होती आणि मातेचा मुलीशी अखंड संपर्क होता. आमच्या मौनीबाबांनी ते प्रमाणपत्र दोन्ही हातांनी धरलं आणि चक्क एका दमात तीन वाक्यं बोलले. "झालं बाई एकदाचं. आता आपलाही अर्ज टाकू. धाकटीला फोन केलास का?"

मी त्या रात्री जेवले नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर भिंगरी सगळी फाइल टेबलावर पसरून बसली होती. काकांनी केलेलं भाषांतर तिच्या हातात. ती भाषा तिला माझ्याहून चांगली वाचता येते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आई, तू मावशीला रोज फोन करायचीस?"

माझ्या तोंडावर 'हो' आलं होतं. साहेबाने शिक्का मारलाय, वकीलबाईंनी मान्य केलंय, मी कोण नाही म्हणणारी? पण पोरगी माझ्याकडे सरळ बघत होती.

"नाही," मी म्हणाले.

"म्हणजे मावशी खोटं बोलली?"

"हो. माझ्यासाठी. तुझ्यासाठी. बरंच खोटं आहे त्यात. तू तिला मावशी नव्हतीस म्हणत, आई म्हणायचीस. आणि मी न्यायला आले तेव्हा तू माझ्याकडे धावत आली नव्हतीस. तिच्या पदरात तोंड लपवलं होतंस. मीच ओढून आणली तुला. मी तुला तिला दिली होती, शब्द दिला होता, आणि मग परत घेतली."

भिंगरीने कागद खाली ठेवला. मला वाटलं रडेल, ओरडेल, खोलीत जाऊन दार लावून घेईल. ती म्हणाली, "फोन लाव तिला."

"आत्ता?"

"आत्ता. मला बोलायचंय."

मी लावून दिला. दोनदा चुकीचं बटण दाबलं. पलीकडचं मशीन मला लांबूनही ऐकू आलं.

"मावशी, मी भिंगरी," पोरगी म्हणाली. मशीन थांबलं. भिंगरीने मला खुणेने विचारलं, कट झाला का? मी नाही म्हणून मान हलवली. मग पलीकडून काहीतरी आलं, हळू आवाजात, आणि भिंगरी ऐकत राहिली. हात आपोआप डाव्या कानाकडे गेला. मी 'हात काढ' म्हणाले नाही.

मग ती एकदम हसली. "हो, अजून लागतो," ती फोनमध्ये म्हणाली. "पण माझा मीच चोळते."

मी टेबलावरची फाइल आवरायला घेतली.

दहा मिनिटांनी भिंगरीने फोन माझ्यापुढे केला. "मावशी म्हणते, आईला दे."

"धाकटे," मी म्हणाले, आणि मग जे नऊ वर्षं म्हणायचं राहिलं होतं ते बाहेर आलं. "चुकलं गं माझं. मी तुला शब्द दिला आणि मोडला. तुझ्या घरातून पोर उचलून आणली आणि वर फोनही तोडला. मला माफ करू नकोस, पण ऐकून तरी घे."

पलीकडे कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ताई, आता ते सगळं राहू दे," ती म्हणाली. तिचा आवाज साधा होता, गिऱ्हाइकाशी बोलावं तसा. "मी कागदावर लिहून दिलंय. आता तेच खरं. पोर ठेवली होती, दिली नव्हती, आणि मी मावशी. पण त्यात असंही लिहिलंय, की तू रोज फोन करायचीस. सरकारदरबारी मला खोटं पाडू नकोस. उद्यापासून करत जा. चारनंतर कर, तोवर गणवेशांची घाई असते."

आणि तिने फोन ठेवला.

त्याला आता सव्वा महिना झाला. मी रोज फोन लावते. ती मला विचारते, "जेवलीस?" मी म्हणते, "जेवले." तिसरं वाक्य तिच्याकडून अजून आलेलं नाही, आणि मी मागतही नाही. मग मी फोन भिंगरीला देते आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. त्या दोघी काय बोलतात ते ऐकायचा मला हक्क नाही.